चाळीसचं इंजिन पुरतंय, वजन चुकीच्या जागी आहे

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १६ फुटी फायबरची बोट, साडेपाच फूट रुंद, मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, हँडल धरून चालवता, दाभोळ खाडीत लोकांना फिरवता. एकटे असताना वेग घेतला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, घोड्यासारखी वर-खाली आपटत राहते, सहा माणसं बसवली की नाळ आभाळाकडे जाते आणि पुढचं काही दिसत नाही, फुल थ्रॉटल देऊन पण बोट उचलत नाही, आणि सगळा वेळ डावीकडे कललेली असते. पेट्रोलचे दोन्ही कॅन आणि बॅटरी मागे डाव्या फळीखाली ठेवता असंही लिहिलंय तुम्ही, ते बरं केलंत, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. मेकॅनिक म्हणतोय ६० एचपीचं इंजिन लावा, सगळं सुटेल. लावू का असं विचारताय.

लावू नका. निदान आत्ता तरी नको. तुमचं ४० चं टू-स्ट्रोक साधारण ७०-७५ किलोचं असेल, ६० एचपीचं १०० च्या पुढे जातं, म्हणजे ज्या टोकाला आधीच वजन जास्त झालंय तिथेच अजून पंचवीस-तीस किलो लटकवायचं. शिवाय ट्रान्सम, म्हणजे इंजिन लटकतं ती मागची भिंत, किती एचपीसाठी बांधलाय ते बोट बांधणाऱ्याकडून कळल्याशिवाय मोठं इंजिन लावणं मला पटत नाही, फायबरचा ट्रान्सम आतून प्लायवूडचा असतो आणि तो तडकला की बोटीची मागची भिंतच गेली.

मी देवबागला बावीस वर्षं बोटी चालवतोय, सीझनमध्ये संगमावर आणि मालवणला डायव्हिंगवाल्यांबरोबर, पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की फायबरची आणि इंजिनाची कामं. तुमची बोट मी डोळ्याने बघितलेली नाही, तिचं बूड किती व्ही आहे, किती सपाट आहे, छप्पर आहे की नाही, यावर बरंच अवलंबून आहे, तेव्हा खाली जे आकडे देतोय ते अशाच मापाच्या बोटींवरून अंदाजाने काढलेले समजा. पण तुम्ही ज्या तक्रारी सांगितल्यात त्या मला इतक्या ओळखीच्या आहेत की मूळ कुठे आहे त्याची मला खात्री आहे.

आधी बोट उचलते म्हणजे काय होतं ते बघू, कारण ते कळलं की वजन कुठे हवं ते आपोआप कळतं. हळू चालताना बोट पाणी बाजूला सारत जाते, तिचं सगळं वजन पाण्याने तोललेलं असतं. १६ फुटी बोट ताशी नऊ-दहा किलोमीटरपर्यंत अशी जाते. त्याच्या पुढे रेटली की तिने स्वतःच उठवलेल्या लाटेवर ती चढायला लागते, नाळ लाटेच्या माथ्यावर आणि मागची बाजू खड्ड्यात, हा जो चढ आहे तो पार केला की मग बोट पाण्यावर घसरायला लागते, आपण म्हणतो प्लेनवर आली. तेव्हा पुढचा अर्धा भाग पाण्याबाहेर असतो आणि मागच्या भागावरच सगळी बोट टेकलेली असते. तुमची बोट सहा माणसं घेतल्यावर त्या चढावरच अडकते. इंजिन जोर लावतंय पण मागचं वजन बोटीला खड्ड्यात धरून ठेवतंय, ती चढ ओलांडतच नाही, पेट्रोल मात्र सगळ्यात जास्त इथेच जळतं आणि मागे उठणारी लाट शेजारच्या होड्या हलवते.

आता तुमच्या बोटीत मागच्या तीन-साडेतीन फुटात काय काय आहे ते मोजा. इंजिन ७२ किलो धरा. तुम्ही हँडलवर, ८० किलो. २५ लिटरचे दोन कॅन भरलेले, पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे दोन्ही मिळून ३७ किलो. बॅटरी १८. झाले २०७ किलो, अजून एकही पाहुणा बसला नाही. त्यात दोन माणसं मागच्या फळीवर तुमच्या शेजारी बसली की साडेतीनशेच्या जवळ गेलं. बोटीचं रिकामं वजनसुद्धा तेवढं नसेल, तीनशेच्या आसपास असेल.

आणि नुसते किलो मोजून भागत नाही, ते मधल्यापासून किती लांब आहेत ते पण मोजावं लागतं. बागेतला सी-सॉ आठवा. १८ किलोचा एक भरलेला कॅन मागून तीन मीटर पुढे नेलात तर त्याचा परिणाम ५४ किलोचा माणूस एक मीटर पुढे सरकवल्याइतका होतो. पाहुण्याला उठवून पुढे बसवायचं म्हणजे तो नाराज होतो, कॅन कधी नाराज होत नाही, म्हणून मी नेहमी सामानापासून सुरुवात करतो. कॅन पुढे न्यायचे तर इंधनाची नळी लांब लागेल, ती आउटबोर्डच्या इंधनासाठीचीच घ्या, बागेची पाण्याची नळी लावू नका, हाताने दाबायचा पंप इंजिनाजवळच ठेवा, आणि कॅन पट्ट्याने आवळून बांधा. न बांधलेला कॅन लाटेत पुढून मागे घसरत आला की तुम्ही केलेला सगळा हिशेब त्याच्याबरोबर घसरला. आणि नाळेच्या बंद कप्प्यात कॅन कोंबू नका, पेट्रोलची वाफ जड असते, खाली साचून राहते, कॅनला हवा हवी.

एकटे असताना नाळ आपटते त्याचं कारण पण हेच, फक्त दुसऱ्या टोकाने. बोट हलकी, वेग चटकन येतो, सगळं वजन मागे, त्यामुळे बोट मागच्या अगदी थोड्या भागावर टेकते, नाळ उचलली जाते, तिला वर धरायला वेग कमी पडतो म्हणून ती खाली येते, खाली आली की बुडाला पाणी लागतं आणि परत उचलते. एका तालात चालू राहतं. यावर थ्रॉटल कमी केला की थांबतं हे तुमच्या लक्षात आलंच असेल, पण तो उपाय नाही. दोन गोष्टी करा. इंजिनाच्या ब्रॅकेटवर एक आडवी पिन असते, तिच्यासाठी चार-पाच भोकं असतात, ती पिन एक भोक ट्रान्समच्या बाजूला घ्या, म्हणजे पाण्यातला पंखा थोडा आत येईल आणि त्याचा धक्का नाळ खाली दाबेल. पिन बदलायची ती इंजिन बंद करून आणि बोट बांधलेली असताना, तिथे बोटं चिरडलेली माणसं मी बघितलीत. दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही स्वतः पुढे सरका. आमच्याकडे बरेच जण हँडलच्या मुठीला पीव्हीसी पाइप लावतात, दोन-अडीच फुटांचा, मुठीवर घट्ट बसेल असा, त्याला चीर पाडून दोन क्लॅम्प आवळायचे. मग ८० किलोचा माणूस दोन फूट पुढे बसून चालवू शकतो. हाताला पाइप वळवून थ्रॉटल देता येतो का, आणि सोडला की अडकून तर राहत नाही ना, हे किनाऱ्यावर तपासा. किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी, लाल दोरी तेवढी लांब आहे ना बघा आणि ती मनगटाला किंवा जाकिटाला लावल्याशिवाय इंजिन चालू करू नका, एकटे असताना तर अजिबात नाही. आपटणाऱ्या बोटीतून चालवणारा बाहेर फेकला जातो आणि बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, तेव्हा ती दोरीच वाचवते.

डावीकडे कलण्याचं उत्तर तुम्हीच दिलंय. दोन्ही कॅन आणि बॅटरी डावीकडे, ५५ किलो. त्यात इंजिनाचा स्वतःचा पण थोडा हात आहे, पंखा मागून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा उजवीकडे फिरतो, त्याची उलट प्रतिक्रिया बोटीला डावीकडे कलवते. ती थोडीच असते, पण तुम्ही वजन पण तिथेच ठेवलंत म्हणून दोन्ही एकत्र आले. बॅटरी मधोमध किंवा उजवीकडे आणा, कॅन मधल्या रेषेवर एकामागे एक. कलणं आणि ओढणं यात गल्लत करू नका हां. बोट सरळ उभी आहे पण हँडल हाताला सारखं उजवीकडे जायला बघतंय असं असेल तर ते वजनाचं नाही, पंख्याच्या वर जी छोटी परासारखी पट्टी असते तिचं आहे. बोट उजवीकडे जात असेल तर त्या पट्टीचं मागचं टोक उजवीकडे थोडंसं फिरवायचं, डावीकडे जात असेल तर डावीकडे. एका वेळी थोडंच, आणि बोल्ट परत घट्ट.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. तुमच्या बोटीत पाणी किती आहे? तुम्ही म्हणाल कोरडी असते. पण फळ्यांखाली, फ्लोरच्या खाली? तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद जागेत नुसतं दोन बोटं पाणी, म्हणजे चारेक सेंटिमीटर, धरलं तरी दीडशे लिटर होतं, दीडशे किलो, दोन धडधाकट माणसं जी कुठेच बसलेली दिसत नाहीत. आणि ही माणसं जागेवर बसत नाहीत. नाळ उचलली की सगळं पाणी मागे धावतं, बोट डावीकडे कलली की डावीकडे, म्हणजे ज्या बाजूला त्रास आहे तिथेच जाऊन अजून भर घालतं. चुकीच्या जागी ठेवलेला दगड परवडला पण मोकळं फिरणारं पाणी नको. जुने गलबतवाले नीरम म्हणून दगड-वाळू भरायचे ते बुडाशी पक्कं बसवायचे ते याच कारणासाठी, हलणारं वजन त्यांनाही नको होतं.

दोन वर्षांपूर्वी एक बोट माझ्याकडे आली होती, तुमच्यासारखीच तक्रार, उचलत नाही, मालकाने पंखा बदलला, प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून झाला. मी फ्लोरला एका कोपऱ्यात भोक पाडलं आणि हात घातला तर आतला फोम स्पंजसारखा पिळून निघाला. फायबरच्या दोन थरांमध्ये भरलेला फोम तरंगण्यासाठी असतो, पण कुठेतरी स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की तो पाणी धरून ठेवतो आणि ते ड्रेनच्या भोकाने कधीच बाहेर येत नाही. सगळा मागचा फोम कापून काढला, पोती भरून, ती पोती दोन माणसांना उचलवत नव्हती. नवीन फोम भरून फ्लोर बंद केला आणि तीच बोट त्याच इंजिनावर उचलली.

तुमच्या बोटीचं काय ते घरच्या घरी बघता येतं. पाणी शांत असताना, सकाळी मतलई पडल्यावर, बोट पूर्ण रिकामी करून तरंगत ठेवा, इंजिन खाली, आणि चार ठिकाणी चिकटपट्टी लावा जिथे पाणी टेकतंय तिथे, ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांना आणि नाळेपासून पाच-सहा फुटांवर दोन्ही बाजूंना. मग तुमच्या रोजच्या सामानासह, मग माणसांसह, परत खुणा करा. तुमच्या मापाच्या बोटीला साधारण ५० किलोला एक सेंटिमीटर असं बसेल. माणसं नेमकी मधे बसवली तरी मागचा कोपराच जास्त बुडतोय का, डावा-उजवा फरक किती, सगळं समोर दिसतं. आणि ह्याच खुणा पुढच्या वर्षी सीझन सुरू होताना परत बघायच्या, रिकामी बोट गेल्या वर्षीपेक्षा एक सेंटिमीटर खाली बसली तर कुठेतरी ५० किलो पाणी पिऊन बसलीय.

बोट वर असेल तेव्हा बुडाकडे पण एकदा बघा. आमच्याकडे पावसाळ्यात बोटी माडाखाली ओढून झापांनी झाकतात, खाली दोनच ओंडके, एक पुढे एक मागे, आणि चार महिने इंजिनासकट तशीच. फायबर हळूहळू वाकतं. ट्रान्समपासून पुढे पाच फूट बुडाला सरळ ॲल्युमिनियमची पट्टी लावून बघा. मधे पोट आलेलं असेल, म्हणजे बूड बाहेर फुगलेलं, तर बोट आपटणारच, वजन कितीही हलवा. मधे खळगा असेल तर उलट, वेगात नाळ खाली दाबली जाईल आणि बोट भलतीकडे वळायला बघेल. हा दोष असला तर फायबरवाल्याचं काम आहे. नसला तर वजनाकडे परत या.

आता माणसांबद्दल. तुम्ही आणि सहा म्हणजे सात जण. अमेरिकन कोस्ट गार्डचा २० फुटांच्या आतल्या बोटींसाठी एक ढोबळ हिशेब आहे, लांबी फुटात गुणिले रुंदी फुटात भागिले १५, तेवढी माणसं, ती पण शांत पाण्यात आणि दीडशे पौंडाची, म्हणजे ६८ किलोची. तुमचा आकडा येतो पाच पूर्णांक काहीतरी, म्हणजे चालवणारा धरून पाच. तुमच्या परवान्यावर सर्व्हे करून जो आकडा लिहिलाय तोच कायद्याने खरा, तो ह्यापेक्षा कमी-जास्त असू शकतो, पण सात माणसं साडेपाच फूट रुंद बोटीत घेऊन खाडीच्या मुखाकडे जाणं मी करत नाही आणि तुम्हीही करू नये असं मनापासून सांगतो. इंजिनाच्या बाजूने बघितलं तरी तेच निघतं. माझ्या अनुभवात अशा बोटींना सगळं धरून एका एचपीला २० किलोच्या आत वजन असलं की बोट व्यवस्थित उचलते. तुमची बोट, इंजिन, सामान आणि पाच जण मिळून साडेसातशे-पावणेआठशे किलो, म्हणजे १९ च्या आसपास, छान. सात जण घेतले की ते नऊशेच्या जवळ जातं, बावीसच्या पुढे, तिथे ती रडतखडत उचलेल किंवा उचलणार नाही. मेकॅनिकला जे इंजिन कमी वाटतंय ते दोन माणसांचं वजन आहे.

बसवायचं कसं, तर जड माणसं मधल्या फळीवर, दोन्ही बाजूंना सारखी, पुढच्या फळीवर दोन हलकी, मागच्या फळीवर तुमच्याशिवाय कोणी नाही. लहान मुलांना नाळेत बसवू नका, सगळ्यांना तिथे बसायचं असतं फोटोसाठी, पण नाळ सगळ्यात जास्त उडते, तिथे पाठीला हिसके बसतात, म्हातारी माणसं, पाठीचं दुखणं असलेली, गरोदर बायका यांना मधल्या फळीच्या मागच्या बाजूला बसवा, तिथे बोट सगळ्यात कमी हलते. आणि धक्क्यावरून निघायच्या आधीच बसवा. चालत्या बोटीत जागा बदलायला लावू नका. डॉल्फिन दिसला की सगळे एका बाजूला उठतात हे तुम्हाला मी सांगायला नको, सत्तर किलोचा एक माणूस उठून कडेला गेला तर बोट कलते, चार गेले तर कड पाण्याला लागते. मी निघतानाच सांगतो, डॉल्फिन दिसला की मी बोट फिरवीन, सगळ्यांना दिसेल, पण जागेवर बसून बघायचं. हे प्रेमाने, पण बोट सुटायच्या आधी सांगितलं तर ऐकतात.

उंचीचं पण तसंच. तेवढंच वजन खाली असलं तर बोट कलून झटकन परत येते, वर गेलं की सावकाश, लांब कलते आणि परत यायला विचार करते. पाहुण्यांना हे सावकाश डोलणं आरामाचं वाटतं, चालवणाऱ्याने त्याला घाबरावं. डायव्हिंगचे सिलेंडर, एकेक चौदा-पंधरा किलोचा, आम्ही उभे ठेवत नाही, मधल्या रेषेला आडवे पाडून बांधतो. छपरावर बॅगा, जास्तीची जाकिटं, दोऱ्यांची भेंडोळी असलं काही ठेवू नका.

इथपर्यंत वाचून तुम्ही सगळं पुढे सरकवाल आणि बोट चांगली उचलायला लागेल, तेव्हा नेमकी दुसरी चूक होते, आणि ती पहिलीपेक्षा वाईट आहे. ती मी केलेली आहे.

मार्चमधली दुपार, वारा चढलेला, मी पाच पाहुण्यांना घेऊन बाहेरून कर्ली नदीच्या मुखातून आत येत होतो. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. सुकतीचं पाणी बाहेर जाताना समोरून येणाऱ्या लाटेला भिडलं की लाट आखूड आणि उभी होते, वाळूच्या पट्टीवर तर भिंतच. मी सकाळीच सगळं वजन पुढे घेतलं होतं, दोघं पार नाळेत, सपाट पाण्यात बोट झकास पळाली होती. आत येताना मागून लाट आली, मागची बाजू उचलली, बोट लाटेवरून खाली घसरली आणि नाळ पुढच्या लाटेच्या पाठीत घुसली. नाळ थांबली, मागची बाजू थांबली नाही. हातातलं हँडल एकदम हलकं झालं, कशालाच लागत नाही असं, आणि इंजिन किंचाळायला लागलं कारण पंखा अर्धा हवेत होता. बोट डावीकडे फिरून लाटेला आडवी व्हायला लागली, उजव्या कडेवरून पाणी आत आलं, एका बाईच्या मांडीवरची चप्पल तरंगताना मला आजही दिसते. थ्रॉटल सोडला, मागची बाजू खाली बसली, पंखा पाण्यात गेला, हँडलला परत वजन आलं आणि पुढची लाट यायच्या आत नाळ सरळ करता आली. तेवढा एक लाटेचा वेळ मिळाला म्हणून हे लिहितोय.

तर वजनाची एकच बरोबर जागा नसते दादा. जाताना, लाट समोरून असताना, नाळ थोडी जड चालते, आपटणं कमी होतं, दिसतं चांगलं. पण फार जड केली तर ती लाटेवर चढायच्या ऐवजी लाटेत शिरते. आणि लाट मागून असताना नाळ हलकी हवी, म्हणजे मुखातून आत यायच्या आधी, बाहेर खोल पाण्यात, इंजिन न्यूट्रलला टाकून, पुढच्या दोघांना मधल्या फळीच्या मागे घ्यायचं, एकेकाला, वाकून, फळी धरत. पिन जर फार आत घेतलेली असेल तर एक भोक बाहेर, पण ते निघायच्या आधीच, बोट बांधलेली असताना. मग पुढच्या लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच वेगाने आत यायचं, तिला ओलांडायचं नाही आणि मागच्या लाटेला आपल्याला गाठू द्यायचं नाही. वाशिष्ठीचं, म्हणजे तुमच्या दाभोळ खाडीचं, मुख माझ्या रोजच्या पाण्यातलं नाही, तिथली वाळूची पट्टी कुठे आहे आणि कोणत्या भरतीला आत यावं ते दाभोळच्या तांडेलांना, म्हणजे होड्यांच्या म्होरक्यांना, विचारा, पण नाळ हलकी ठेवायची हे कुठल्याही मुखाला लागू आहे. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, होडी बघा, जाळं भरून निघताना तांडेल जाळ्याचा ढीग कुठे लावायचा ते स्वतः उभा राहून बघतो, जाळं सुटत जातं तशी होडी उचलत जाते आणि वल्ही मारणारे सरकून बसतात. त्यांना कोणी हिशेब शिकवला नाही, पण प्रवासात वजन बदलतं आणि आपण त्याच्याबरोबर हलायचं हे त्यांच्या अंगात आहे. तुमचं पेट्रोल पण प्रवासात संपत जातं, पुढचा कॅन आधी रिकामा करायचा की मागचा, हे तुमच्या हातात आहे. मी पुढचा आधी संपवतो, म्हणजे परत येताना नाळ हलकी.

करायचा क्रम एकदा सांगतो म्हणजे गोंधळ नको. आधी ड्रेन उघडून पाणी काढा आणि फ्लोरखाली हात घालून फोम बघा, बुडाला पट्टी लावून बघा, मग चिकटपट्टीच्या खुणा. मग कॅन आणि बॅटरी हलवा, बाकी काही नाही, आणि एकटे जाऊन बघा. मग पाइप. मग पिन. प्रत्येक बदलानंतर तोच पट्टा, त्याच भरतीला, जाऊन-येऊन, कारण एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही. पंख्याला सगळ्यात शेवटी हात लावा. चार माणसं घेऊन फुल थ्रॉटलला इंजिनाचे आरपीएम पुस्तकात दिलेल्या आकड्यापेक्षा कमी पडत असतील तर एक इंच कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत पंखा जेवढा पुढे सरकतो ते अंतर) पंखा घ्या, इंचाला साधारण दीडशे-दोनशे आरपीएम चढतात. इंजिनाला मागे बसवायचे ते प्लास्टिकचे पंख मिळतात, त्यांनी नाळ खाली येते हे खरं, पण मी ते वजन नीट केल्यावरही राहिलं तरच लावतो, नाहीतर खरा दोष झाकला जातो.

पहिल्या चाचणीला पाहुणे घेऊ नका. पाण्याचे कॅन भरून माणसांच्या जागी बांधा, २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो, तीन कॅन एक माणूस. झाकणं घट्ट आणि कॅन काठोकाठ भरलेले, अर्धे नकोत, आत पाणी हललं तर तोच घोळ. सगळं करून झालं की खुणांचे आकडे इथेच टाका, ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांचे आणि पुढच्या दोन्ही बाजूंचे, रिकाम्या बोटीचे आणि भरलेल्या बोटीचे, आणि बुडाचा एक फोटो बाजूने काढलेला. त्यावरून बॅटरी किती इंच हलवायची इथपर्यंत सांगतो.